विरजण आणि नैराश्य

माझ्या मामेभावाच्या फ्रिजच्या दारात, विरजणासाठी काढून ठेवलेल्या दह्याच्या वाटीशेजारी, गेल्या वर्षी एक पांढरा प्लास्टिकचा डबा येऊन बसला. आत रोजची एक अशा पुड्या. पुडीवर जिवाणूंची लांबलचक नावं आणि त्यांखाली मन प्रसन्न राहण्याचा दावा. फ्रिजच्या डोक्यावर, जुन्या वर्तमानपत्राखाली, त्याच्या डिप्रेशनच्या गोळ्यांची पट्टी पडलेली होती. तीत सात गोळ्या शिल्लक होत्या. सात महिने त्याने त्या नेमाने घेतल्या होत्या. आजाराला उतार होता, झोप परत आली होती, पहाटे उठून तो गोठ्यात जायला लागला होता. मग कुणीतरी पाठवलेला एक व्हिडिओ त्याच्या पाहण्यात आला. मला म्हणाला, "ताई, मूळ दुखणं पोटात असतं म्हणे. मग डोक्याच्या गोळ्या कशाला घ्यायच्या?" डॉक्टरांना न विचारता त्याने एका दिवसात गोळ्या थांबवल्या. आठवड्याच्या आत चक्कर आणि डोक्यात विजेसारख्या झिणझिण्या सुरू झाल्या, आणि दीड महिन्यात तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. पुड्या मात्र रोज न चुकता घेत होता.

आतडी आणि मन यांच्या नात्यावरचा वाद आपण फार वाईट तऱ्हेने घालतो आहोत, आणि त्याची किंमत अशा घरांतून मोजली जाते. एका बाजूला म्हणणारे म्हणतात की नैराश्य हा मुळात पोटाचा आजार आहे, आतड्यातले जिवाणू सुधारले की मन आपोआप सुधारतं, आणि हे आपल्या आजीला ठाऊकच होतं. दुसऱ्या बाजूला सुशिक्षित माणसं, त्यांत काही डॉक्टरही, हा सगळा पुड्या विकण्याचा धंदा आहे असं म्हणून हात झटकतात. एक बाजू संशोधनाच्या नावावर वाटेल ते खपवते, दुसरी संशोधन न वाचताच उडवून लावते. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. आतड्यातल्या जिवाणूंचा मनाशी संबंध आहे, ते संशोधन खरं आहे, आणि पुढेमागे त्यातून उपचार निघूही शकतात. पण आज नैराश्याने आजारी असलेल्या माणसाच्या हातात गोळ्यांच्या आणि समुपदेशनाच्या जागी ठेवावा असा उपचार त्यात तयार नाही. जो तयार आहे, ज्याची कसून परीक्षा अगदी शेजारी गोव्यात झालेली आहे, तो आपण लोकांपर्यंत नेत नाही. भांडायचं असेल तर यावर भांडू या.

आधी जिवाणूंच्या बाजूचं जे बळकट आहे ते पुरतं मान्य करते. २००४ साली जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या संशोधकांनी जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर घेतले. त्यांना थोडा वेळ कोंडून ठेवलं की त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं साध्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त उसळत. त्यांच्या पोटात बिफिडोबॅक्टेरियम नावाचा एक विशिष्ट जातीचा जिवाणू सोडला तेव्हा ही उसळी आटोक्यात आली. आतड्यात जिवाणू असणं किंवा नसणं यावर मेंदूची ताण झेलण्याची रीत ठरते, हे त्या एका प्रयोगाने दाखवलं. २०११ साली आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठाच्या गटाने लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस नावाचा जिवाणू उंदरांना चारला. ते कमी घाबरट झाले आणि त्यांच्या मेंदूतली काही रासायनिक मांडणीही बदलली. पोटाकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस कापून टाकल्यावर हा परिणाम दिसेना. म्हणजे निरोप त्या वाटेने जात होता. बेल्जियममध्ये हजाराहून जास्त लोकांच्या विष्ठेचे नमुने तपासून २०१९ साली दाखवलं गेलं की नैराश्य असलेल्यांत कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे दोन जिवाणू कमी असतात. आणि २०२३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये, गोळ्या घेऊनही पुरतं बरं न वाटणाऱ्या ४९ रुग्णांवर चाचणी झाली. गोळ्या चालू ठेवून निम्म्यांना जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या, निम्म्यांना हुबेहूब दिसणाऱ्या पण जिवाणू नसलेल्या. आठ आठवड्यांनी जिवाणूंच्या गटात सुधारणा अधिक होती. हे सगळं थोतांड आहे असं म्हणणाऱ्याने यातलं एक तरी काम खोडून दाखवावं.

मराठी माणसाला तर पोटाचं आणि मनाचं नातं पटवून द्यावंच लागत नाही. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून पोटात दुखतं, लेकराची चूक आपण पोटात घालतो, कळकळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो. सरकारी दवाखान्यात खिन्न मनाने येणारी बाई 'मला नैराश्य आलंय' असं कधी सांगत नाही. पोटात आग पडते, गॅस वर चढतो, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, असंच सांगते. ती खोटं बोलत नसते. तिला तिचा आजार खरोखर तिथेच जाणवतो. तेव्हा 'आतड्यात गडबड आहे' हे उत्तर तिला आणि तिच्या घरच्यांना लगेच आपलं वाटतं, यात नवल नाही.

पण संबंध असणं एक, आणि तो धरून आजार बरा करता येणं दुसरं. कॉर्कच्या ज्या जिवाणूने उंदरांची भीती घालवली, तोच जिवाणू त्याच गटाने पुढे २९ निरोगी पुरुषांना दिला. २०१७ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. ताणावर परिणाम नाही, स्मरणावर नाही, मनःस्थितीवर नाही. संशोधकांनी हे लपवलं नाही, निबंधाच्या शीर्षकातच लिहिलं. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये गोळ्या न घेणाऱ्या, पण मन खचलेल्या ७९ जणांवर दोन जिवाणूंची चाचणी झाली. आठ आठवड्यांनंतर पुडी घेणाऱ्यांत आणि रिकामी पुडी घेणाऱ्यांत काही फरक सापडला नाही. या दोन चाचण्या मला एकाही व्हिडिओत सापडल्या नाहीत. जे गोळा करून दाखवलं जातं त्यात उंदीर असतात, बेल्जियम असतं आणि लंडनचे ते ४९ रुग्ण असतात. त्यांतला प्रत्येक जण आपल्या गोळ्या घेत होता, एवढं मात्र गाळलेलं असतं. माझ्या भावाने नेमकं तेच वाक्य ऐकलं नव्हतं.

बेल्जियमच्या आकड्यांचं काय? खचलेल्या माणसाच्या आतड्यात अमुक जिवाणू कमी असतात, हे खरं धरू. पण कशामुळे काय झालं? महिनाभर जो माणूस एक भाकरी कशीबशी खातो, भाजीला हात लावत नाही, चहाबिस्किटावर दिवस काढतो, घराबाहेर पडत नाही, त्याच्या पोटातली वस्ती बदलणारच. हीच गाठ ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ साली स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या बाबतीत सोडवली. स्वमग्नतेचं मूळ आतड्यातल्या जिवाणूंत असावं असं तोवर बरंच बोललं जात होतं. २४७ मुलांचे नमुने आणि खाण्याच्या सवयी बारकाईने पाहिल्यावर चित्र उलटं दिसलं. ही मुलं मोजकेच पदार्थ खातात, म्हणून त्यांच्या पोटातले जिवाणू वेगळे असतात. पोटातल्या सेरोटोनिनची, म्हणजे मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाची, गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हे बरोबर. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः तयार करतो. ही दुसरी ओळ वगळली की पहिली ओळ फसवी होते. आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू आहेत, हेही असंच वर्षानुवर्षं फिरवलेलं वाक्य. २०१६ साली नीट हिशेब झाला तेव्हा आकडा सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी पेशी असा निघाला. साधारण बरोबरी.

मनाच्या आजाराचं मूळ शरीरात शोधण्याची ही पहिली वेळ नाही. शंभर वर्षांपूर्वी, एका दशकात, अमेरिकेत असे तीन शोध एकाच वेळी चालले होते, आणि आजचा प्रश्न समजून घ्यायला मला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही वाटत नाही. त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांत एक मोठा भाग लकव्यासह वेड लागलेल्या रुग्णांचा असे. आधी भ्रम, मग बोलणं अडखळणं, मग हातपाय जाणं आणि काही वर्षांत मरण. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूच्या कापांत सिफिलिस या गुप्तरोगाचे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. वेडाचं कारण एक जिवाणू होता. त्यानंतर तीस वर्षांनी पेनिसिलिन आलं, बुरशीकडून मोठ्या पिंपांत करवून घेतलेलं, जे पुढे आपल्याकडे १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही होऊ लागलं. आणि तो आजार इस्पितळांतून जवळजवळ नाहीसा झाला. मनाच्या आजारावर सूक्ष्मजीवांच्या मदतीने मिळवलेला याहून मोठा विजय मला माहीत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा नावाच्या आजाराने इस्पितळं भरली होती. कातडी खडबडीत आणि काळी पडणं, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रंश. हा संसर्गजन्य रोग आहे, कुठल्यातरी जंतूने होतो, असं बहुतेक मोठ्या डॉक्टरांचं ठाम मत होतं. सरकारने पाठवलेल्या जोसेफ गोल्डबर्गर यांना एक साधी गोष्ट दिसली. इस्पितळात रुग्णांना पेलाग्रा होतो, पण त्यांच्यातच वावरणाऱ्या परिचारिकांना होत नाही. जंतूने असा भेद केला असता का? फरक ताटात होता. रुग्ण मका, काकवी आणि चरबी खात, कर्मचाऱ्यांना दूध, मांस मिळे. गोल्डबर्गर यांनी जॉर्जियातल्या इस्पितळात आणि मिसिसिपीतल्या अनाथालयांत जेवण बदललं आणि आजार थांबला. विरोधक तरी ऐकेनात, तेव्हा १९१६ साली त्यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या त्वचेचे पापुद्रे आणि मलमूत्र पिठात मळून गिळलं. कुणालाच पेलाग्रा झाला नाही. इथे जंतूचा सिद्धांत चूक होता आणि अन्नाचा बरोबर. आजार नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा होता, हे १९३७ नंतर पक्कं झालं.

आणि तिसरी गोष्ट न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाची. तिथले प्रमुख हेन्री कॉटन हे दयाळू आणि सुधारक म्हणून नावाजलेले होते. त्यांनी रुग्णांच्या बेड्या काढल्या होत्या. शरीरात कुठेतरी दडलेल्या जंतुसंसर्गाचं विष मेंदूत जाऊन वेड लागतं, असं त्यांच्या मनाने घेतलं. नुकतंच सिफिलिसचं उदाहरण समोर होतं, त्यामुळे ते खरं वाटण्यासारखंही होतं. त्यांनी रुग्णांचे दात उपटले, टॉन्सिल काढले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा मोठी आतडी कापून काढायला सुरुवात केली. ८५ टक्के रुग्ण बरे होतात असा त्यांचा दावा होता आणि वर्तमानपत्रं तो छापत होती. आतड्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे ३० टक्के रुग्ण दगावतात, हे त्यांच्याच आकड्यांत होतं. १९२४-२५ साली फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टर बाईंनी एकेका रुग्णाचा माग काढून तपासणी केली. बरे झाल्याचे दावे टिकले नाहीत, उलट ज्यांच्यावर जास्त उपचार झाले त्यांचीच गत जास्त वाईट निघाली. त्यांचा अहवाल दाबला गेला आणि दात उपटणं पुढेही चालू राहिलं.

तिन्ही गोष्टींत वाक्य एकच होतं, 'वेडाचं मूळ शरीरात आहे'. एकात ते जिवाणूच्या बाजूने खरं ठरलं, एकात अन्नाच्या बाजूने, आणि एकात त्याने माणसं मारली. मग दशकाच्या मधोमध उभ्या असलेल्या साध्या माणसाने कुणाचं ऐकायचं होतं? सिद्धांत किती पटतो यावरून त्याला काहीच कळलं नसतं, कारण पटण्यात तिन्ही सारखे होते. कॉटन तर सगळ्यांत जास्त पटवून देणारे होते. फरक एवढाच होता की नोगुचींनी जिवाणू दाखवला, गोल्डबर्गरांनी दोन ताटं समोरासमोर ठेवून पाहिली आणि कॉटन यांनी उपचार न मिळालेल्या माणसांशी तुलनाच केली नाही. आज पुडीवर लिहिलेल्या दाव्याला हाच प्रश्न विचारायला हवा. हाच जिवाणू, याच आजाराच्या माणसांना, रिकाम्या पुडीशी तुलना करून दिला होता का? 'हाच' हा शब्द महत्त्वाचा आहे. २०११ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणू घातलेल्या, अन्नासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत जिवाणूचा नेमका वाण ओळखणं आणि माणसांवर परिणाम दाखवणं यावर भर आहे. एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागत नाही. इंद्रायणी तांदळाचा वास कोलमला येत नाही, तसंच हे.

आता आजीचा मुद्दा. परंपरेला नाव ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण परंपरेतलं ज्ञान जगाने कधी स्वीकारलं, तेही पाहावं. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे शतकानुशतकं वेडावर दिलं जाई. १९३१ साली कलकत्त्यात सेन आणि बोस या दोघांनी त्याचे परिणाम लिहून काढले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर ते वापरून, मोजमापं घेऊन निबंध लिहिला आणि तो ब्रिटनमध्ये छापून आला. त्यातूनच पुढे रेसरपीन हे औषध मनोरुग्णालयांत पोचलं, आणि मेंदूतल्या रसायनांचा आधुनिक अभ्यास बराचसा तिथून वाढला. ते मूळ परंपरेतलं होतं म्हणून कुणी नाकारलं नाही. वकिलांनी ते मोजलं म्हणून स्वीकारलं. काही रुग्णांत तेच औषध नैराश्य आणत असल्याची शंका घेतली गेली, तीही मोजमापाच्याच रस्त्याने पुढे आली. दह्याला आपण तेवढाही मान देत नाही. कवडी दही पोटाला चांगलं, ताकाने जेवण पचतं, हा अनुभव आहे आणि मी त्यावरच वाढले. पण घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत हे घरागणिक, ऋतूगणिक बदलतं. त्याला नैराश्याचं औषध म्हणणं हे आजीने कधीच म्हटलेलं नव्हतं. ते आपण तिच्या तोंडी घातलंय.

यावर मला विचारलं जातं की एवढं काय बिघडतं, दही खाल्लं तर नुकसान काय? दह्याने काही बिघडत नाही. चांगल्या जेवणाने तर उलट काही भलं होत असावं. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आहार सुधारणाऱ्यांपैकी ३२ टक्के बरे झाले, नुसती सोबत आणि गप्पा मिळालेल्यांपैकी ८ टक्के. आपण काय खातो आहोत हे रुग्णांपासून लपवता येत नाही आणि संख्या लहान आहे, तरी ही चाचणी मी आदराने वाचते. बिघडतं ते वेळेने. नैराश्याचा प्रत्येक महिना माणसाची नोकरी, उसाची बिलं, मुलाची दहावी, बायकोशी असलेलं नातं कुरतडत असतो. सहा महिने पुड्या घेऊन पाहू आणि नाही जमलं तर डॉक्टरकडे जाऊ, यातले सहा महिने परत मिळत नाहीत. आणि काही माणसं तर तोवर उरतच नाहीत.

लाजेचा मुद्दा मला सगळ्यांत अवघड वाटतो. पोटाचा आजार चारचौघांत सांगता येतो. मनाचा सांगितला की सोयरिकी मोडतात. मग पोटाचं नाव घेऊन का होईना, माणूस बोलता होतो, हे चांगलं नाही का? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण मानसिक आजारांची जैविक कारणं सांगितली की लोकांच्या मनात काय होतं, याच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१३ साली ऑस्ट्रेलियात घेतला गेला. रुग्णाला दोष देणं कमी होतं, हे खरं निघालं. पण त्याचबरोबर हा बरा होणार नाही, ही समजूत वाढते. 'त्याच्या आतड्यातच बिघाड आहे' हे ऐकणारी माणसं त्याला क्षमा करतात आणि त्याच्याबद्दलची आशाही सोडतात. शिवाय पोटाचं नाव घेऊन बोलणारा माणूस शेवटी पोटाच्याच डॉक्टरकडे जातो. माझ्या भावाने एंडोस्कोपी दोनदा करून घेतली होती, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याच्या आधी.

डॉक्टरांच्या बाजूचंही एक पाप पदरात घ्यायला हवं. गेली काही दशकं रुग्णांना सांगितलं गेलं की तुमच्या मेंदूत रसायनांचं असंतुलन झालंय, गोळी ते भरून काढते. इतकं सोपं ते कधीच नव्हतं, आणि २०२२ साली लंडनमधल्या संशोधकांच्या आढाव्यानंतर ते जगभर चर्चेत आलं. गोळ्या उपयोगी आहेत हे चाचण्यांत दिसतं, पण त्या कशा उपयोगी पडतात याची गोष्ट फार सोपी करून विकली गेली. पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटणारे रुग्ण साधारण एकतृतीयांश असतात, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने २००६ सालीच दाखवलं होतं. बाकीच्यांना औषध बदलावं लागतं, जोड द्यावी लागते, थांबावं लागतं. वजन वाढतं, कामेच्छा मंदावते, अचानक बंद केल्यास त्रास होतो. हे स्पष्ट सांगणारा डॉक्टर भेटला असता तर माझा भाऊ पट्टी वर्तमानपत्राखाली टाकून मोकळा झाला नसता. पण या चुकीवर उतारा म्हणून आपण काय घेतो आहोत? 'रसायनांचं असंतुलन' यातला एक शब्द काढून 'जिवाणूंचं असंतुलन' म्हणतो आहोत. वाक्य तेच, घाई तीच.

मग आज हाताशी काय आहे? गोव्यात, 'संगात' या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्याची तीव्रता बरीच असलेल्या ४९५ जणांवर एक चाचणी केली. २०१७ साली ती छापून आली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. दोन्हींत डॉक्टरांना रुग्णाच्या नैराश्याची माहिती दिली गेली, नेहमीची काळजी घेतली गेली. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठका मिळाल्या, तिथल्याच साध्या माणसांकडून. मानसोपचाराचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेली ही माणसं या कामासाठी तयार केलेली होती. पद्धतही साधी. मनाला उभारी आली की काम करू, या वाटेला न जाता आधी एखादं छोटं काम ठरवायचं, ते कधी करायचं ते लिहायचं, केलं की नाही ते पुढच्या भेटीत पाहायचं, अडलं कुठे ते बोलायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. ही माणसं आपल्यासारखी आहेत, मासळीच्या बाजारात भाव करणारी, घरच्या भांडणांनी पिचलेली. यात उंदीर नाहीत, बेल्जियम नाही. तरी हा निष्कर्ष मला कुणीही पुढे पाठवलेला नाही, आणि जिवाणूंचे व्हिडिओ आठवड्याला दोन येतात.

निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं आढळलं. त्या पाहणीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपण निश्चिंत राहावं असं काही नाही. आपल्याकडे ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, टेलिमानस या सरकारी फोन-समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. पण तालुक्याच्या आरोग्य केंद्रात दर आठवड्याला त्याच खुर्चीवर बसणारा, नावाने ओळखणारा समुपदेशक आपल्या किती गावांना मिळालाय? ज्यांना मनाच्या आरोग्याबद्दल इतकं हिरिरीने बोलायचं आहे त्यांनी ही खुर्ची मागावी. गोव्यात ती परीक्षेला बसून पास झालेली आहे.

आणि जिवाणूंचं संशोधन? ते जोरात व्हायला हवं, इथे व्हायला हवं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा जातीचे जिवाणू विशेष भरलेले असतात. भाकरी, डाळ, उसळ खाणाऱ्या पोटातली ही वस्ती पाव आणि चीज खाणाऱ्या पोटापेक्षा वेगळी आहे. मग बेल्जियमच्या खचलेल्या माणसांत कमी सापडलेला जिवाणू आपल्याकडे भरून काढायचा, हे कुठून आलं? आपल्या जेवणाचा आणि मनाचा दुवा दख्खनमध्ये याआधी गंभीरपणे शोधलेला आहे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा का होतो याचा माग काढला. ज्वारीतल्या ल्युसिन या प्रथिनांच्या घटकाबद्दलचा त्यांचा सिद्धांत पुढे वादात सापडला, पण रुग्ण खरे होते आणि नायासिनने ते बरे होत होते. तसं काम आज कुणी मराठवाड्यात करावं. दोन गट, एकात नेहमीचे उपचार, दुसऱ्यात त्यांच्याच जोडीला नीट ओळखलेला जिवाणू किंवा नीट ठरवलेला आहार. निष्कर्ष जिवाणूच्या बाजूने लागला तर मी स्वतः ती पुडी भावाला नेऊन देईन, गोळीच्या शेजारी ठेवायला.

तो आता बरा होतो आहे. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू पुन्हा वाढवल्या. तालुक्याला एक समुपदेशक बाई त्याला दर पंधरवड्याला भेटतात आणि वहीत कामं लिहून देतात. पहिल्या यादीत तीनच होती. सकाळी डेअरीत दूध स्वतः घालायचं, दुपारी चावडीपर्यंत जाऊन यायचं, आणि रात्री विरजण लावायचं, कारण वहिनीने ते काम त्याच्यावर सोडलं. पहिले काही दिवस तो विसरायचा, किंवा उकळत्या दुधातच दही घालायचा. परवा रात्री त्याचा फोन आला होता. म्हणाला, थंडी फार पडलीय ताई, दही लागतच नाही, उद्यापासून भांडं पिठाच्या डब्यात ठेवून बघतो.